वर्गणीचा रुपया आणि मंडळाची वही

जयंती जवळ आली की वस्तीत पावतीपुस्तके निघतात. संध्याकाळी माणसे कामावरून घरी परतली की चार-पाच कार्यकर्ते दारात उभे राहतात, 'जय भीम, काका' म्हणतात आणि पावती फाडतात. घरातली बाई डब्यातून पैसे काढून देते. ती पावती काही दिवस आरशाच्या फटीत खोचलेली राहते आणि मग केव्हातरी नाहीशी होते. त्या रुपयाचे पुढे काय झाले, हे बहुतेक घरांना कधी कळत नाही. कळावे असा आग्रहही कोणी धरत नाही. आम्ही आज त्याच रुपयाच्या मागोमाग जाणार आहोत.

विषय तसा रूक्ष वाटेल. जमाखर्च, शिल्लक, पासबुक यांत वाचण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या वस्तीतले मंडळ कशावर उभे आहे, याचा विचार करून पाहावा. विहाराचे वीजबिल, मुलांची अभ्यासिका, लग्नातली भांडी, एखाद्या घरी अचानक मयत झाले तर रात्रीच्या रात्री जमवावे लागणारे पैसे, हे सारे त्या वहीतून चालते. आपल्या समाजाच्या मागे कोणी सावकार उभा नव्हता, पेढी उभी नव्हती. जे उभे राहिले ते हातावर पोट असलेल्या माणसांच्या वर्गणीतून. म्हणून मंडळाची वही हा आपल्या समाजाच्या इतिहासाचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो.

महिन्याचे चाळीस रुपये

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी १९२५ साली साक्ष दिली. साम्राज्याच्या रुपयाची चिकित्सा करणारा हा अर्थशास्त्रज्ञ त्याच काळात एका लहानशा संस्थेचा संसारही चालवीत होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

ती संस्था म्हणजे बहिष्कृत हितकारिणी सभा. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलै १९२४ रोजी सभेची स्थापना झाली. तिची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली करण्यात आली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार एन. टी. जाधव. म्हणजे पहिल्या दिवसापासून नोंदणी होती, चिटणीस होता आणि पैसे सांभाळणारा माणूस वेगळा होता. समाज गरीब आहे म्हणून हिशेब ढिला चालेल, असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

सभेची कामे पाहिली तर आजच्या एखाद्या चांगल्या मंडळाची यादी वाचतो आहोत असे वाटते. मुंबईत मोफत वाचनालय होते. तरुणांनी जुगार आणि दारू यांच्या नादी लागू नये म्हणून हॉकीचा क्लब काढला होता. सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी हायस्कुलातील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांचे जेवण, कपडे आणि लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला. या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिका महिन्याला ४० रुपयांचे अनुदान देत असे.

या चाळीस रुपयांकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. वर्षाचे होतात ४८०. आकडा डोळे दिपवणारा नाही. परंतु ते पैसे दरमहा येणारे होते. येत्या महिन्यात किती हाती पडणार हे आधी ठाऊक असले की किराणा कोठून आणायचा, आणखी एक मूल ठेवून घ्यायचे की नाही, हे ठरवता येते. वसतिगृह एका दिवसाच्या उत्साहावर चालत नाही. मुलाला रोज दोन वेळा भूक लागते.

वर्तमानपत्रांची कथाही हेच सांगते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती आणि तिच्यामुळे पत्र सुरू होऊ शकले. पुढे पत्र चालवायचे तर वर्गणीदार हवे होते, जाहिराती हव्या होत्या. पैसे देऊनसुद्धा 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नव्हता. १९२३ साली 'मूकनायक' बंद पडले. नंतर १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. ते चालविताना बाबासाहेबांना १९२८ साली अग्रलेख लिहून वाचकांनाच विचारावे लागले की या पत्राचे ऋण हे लोकांचे ऋण नव्हे काय. १९२९ च्या नोव्हेंबरात तेही थांबले. देणगीने काम सुरू होते, पण ते टिकून राहते नियमित वर्गणीने. हा धडा आपल्या चळवळीने फार लवकर आणि फार महाग मोल देऊन घेतला आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे शंभरातले पाच. मिळकत दरमहा येते, म्हणजे हा वाटाही दरमहाच निघायचा. वर्षातून एकदा दारात येणाऱ्या पावतीपुस्तकापेक्षा ही कल्पना कितीतरी वेगळी आहे.

चाळीतली वही

मुंबईच्या गिरणगावात, परळ, नायगाव, वरळी, शिवडी भागांत आपली माणसे गावोगावहून आली. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या एकेका खोलीत एकेका गावची माणसे दाटीवाटीने राहिली. कोणी रत्नागिरीकडचे, कोणी साताऱ्याकडचे. या गाववाल्यांनी आपापली मंडळे काढली. दर महिन्याला पगाराच्या सुमारास बैठक, आण्यांत वर्गणी आणि लाल बांधणीची एक वही. १ एप्रिल १९५७ पासून आण्यांचे नवे पैसे झाले तेव्हा वहीचे रकाने बदलले, पण रीत तीच राहिली.

त्या वर्गणीतून पहिल्यांदा काय येत असे? भांडी. मोठे टोप, पराती, कढया, डाव आणि बरोबर सतरंज्या, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या. ज्या काळी भाड्याची भांडी आपल्या माणसाला सहज मिळत नसत, त्या काळी मंडळाचा टोप म्हणजे स्वाभिमानाची वस्तू होती. लग्न असो की जलदान विधी, नाममात्र भाडे घेऊन भांडी दिली जात. ते भाडे पुन्हा वहीत जमा होई. मयताची वर्गणी वेगळी असे. कोणी गेले की घरटी ठरलेली रक्कम त्याच दिवशी गोळा करून त्या कुटुंबाच्या हाती द्यायची आणि नंतर वहीत मांडायची. आज ज्याला विमा म्हणतात, त्याची ही आपल्या माणसांनी बांधलेली साधी सोय होती.

मग १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे सुरू झाल्या नाहीत आणि हजारो घरांचा बांधलेला पगार कायमचा गेला. ज्या घरात चूल पेटण्याची पंचाईत, त्या घरातून वर्गणी कशी येणार? मासिक वर्गणीचा सारा डोलारा बांधलेल्या पगारावर उभा होता. तो पगार गेल्यावर माणसे वडापाव विकू लागली, वॉचमनची नोकरी करू लागली, गावी परतली. उत्पन्न रोजचे झाले आणि अनिश्चित झाले. महिन्याच्या वर्गणीची रीत ठिकठिकाणी ढिली पडली आणि तिची जागा हळूहळू वर्षातून एकदा होणाऱ्या जयंतीच्या वर्गणीने घेतली. हा बदल फारशी चर्चा न होता झाला, म्हणून त्याचे परिणामही फारसे कोणी मोजले नाहीत.

पैसा तोच, वेळ वेगळी

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका वस्तीत साठ घरे आहेत. जयंतीला घरटी ६०० रुपये जमले तर एकूण ३६,००० होतात. आता तीच साठ घरे दरमहा ५० रुपये देऊ लागली, तर महिन्याला ३,००० आणि वर्षाला तेच ३६,०००. कुटुंबावरचा भार कवडीनेही वाढला नाही. तरीही दोन्ही रकमांचा स्वभाव निराळा आहे.

एप्रिलमध्ये एकदम आलेले ३६,००० मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक आणि मिरवणुकीच्या गाडीत चार दिवसांत संपतात. मंडपवाला आणि डीजेवाला आगाऊ रक्कम मागतो, म्हणून पैसे आले की तिकडेच धावतात. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा वहीत शून्य असते. एखादा मुलगा बारावी होऊन वसतिगृहात जायला निघतो, त्याला अनामत रक्कम भरायची असते आणि शिष्यवृत्ती हाती पडायला वेळ असतो. त्याची आई मंडळाच्या पदाधिकाऱ्याकडे येते आणि 'ताई, जयंतीचा खर्चच फार झाला' हे ऐकून परत जाते. तिनेही एप्रिलमध्ये पावती फाडलेली असते, हे विसरून चालणार नाही.

दरमहा येणारे ३,००० मात्र जूनमध्येही येतात, पावसाळ्यातल्या आजारपणातही येतात, डिसेंबरमध्ये चैत्यभूमीला येणाऱ्यांच्या भोजनदानाच्या वेळीही येतात. जयंती थाटात व्हावी, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्या माणसाचा तो आनंदाचा दिवस आहे. आमचे म्हणणे एवढेच की बाकीच्या अकरा महिन्यांनाही काही वाटा मिळावा.

यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच सभेत वाटणी ठरवावी. नमुन्यादाखल, शंभरातले तीस रुपये शिक्षणाला, तीस अडीनडीला, तीस कार्यक्रमांना आणि दहा शिल्लक. आकडे प्रत्येक वस्तीने आपल्या गरजेप्रमाणे बदलावेत. पण एका खात्याचे पैसे दुसऱ्या खात्यात सभेला विचारल्याशिवाय जाऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. वर्गणीचा आकडा एकदा ठरला की वर्षानुवर्षे तोच राहतो. वाढवा म्हणायला कोणी धजत नाही. भाव दरवर्षी शेकडा सहाने वाढले तर सुमारे बारा वर्षांत वस्तूची किंमत दुप्पट होते. म्हणजे बारा वर्षांपूर्वी ठरलेली वर्गणी आज तेवढीच असेल, तर मंडळाचे उत्पन्न खरे पाहता निम्मे झाले आहे. तेव्हा दर तीन वर्षांनी हा विषय सभेपुढे यायलाच हवा. ज्या घरी कमावते माणूस नाही, त्या घराला सूट द्यावी आणि ती कोणापुढे बोलून दाखवू नये.

विचारणाऱ्या बाईला उत्तर द्यावे

मंडळे मोडतात ती बहुधा पैसे कमी पडल्यामुळे नाही. ती हिशेब न सांगितल्यामुळे मोडतात. बैठकीत कोणी विचारले, 'मागच्या वर्षीच्या शिल्लकीचे काय झाले?' की खजिनदाराला राग येतो. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असा उलट सवाल होतो. विचारणारा गप्प बसतो, पण पुढच्या वर्षी त्याची पावती लहान होते. त्याच्या पुढच्या वर्षी वस्तीत दुसरे मंडळ निघते. मग एका गल्लीत दोन कमानी, दोन मिरवणुका, आणि विहाराचे छप्पर मात्र गळकेच. पुष्कळदा खजिनदार प्रामाणिक असतो, पदरचे पैसेही घालतो. वही वाचली गेली नाही म्हणून त्याच्याच नावाला बट्टा लागतो. हिशेब वाचून दाखवणे ही प्रामाणिक माणसाची ढाल आहे.

याबाबतीत आपल्या माताभगिनींकडून शिकावे. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आणि वस्त्यावस्त्यांत महिलांचे गट उभे राहिले. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळानेही या कामाला हात दिला. गटाची रीत साधी आहे. ठरलेल्या दिवशी बैठक, सर्वांसमोर पैसे मोजणे, सर्वांसमोर वहीत लिहिणे आणि प्रत्येकीच्या हाती तिचे स्वतःचे पासबुक. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही आपले किती जमा आहेत हे तोंडपाठ असते. घरात महिनाअखेरीस दहा रुपयांत तीन खर्च भागवणारी बाई मंडळाचा खजिना का सांभाळू शकणार नाही? येत्या निवडीत खजिनदारपद एखाद्या भगिनीकडे द्यावे, असे आम्ही सर्व मंडळांना आग्रहाने सांगू.

कायदा आणि मोबाईल

किमान सात जण एकत्र आले तर १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदविता येते. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. तो १९५० चा कायदा पूर्वी मुंबईच्या नावाने ओळखला जाई, आता तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो. कार्यकारिणी बदलली तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक मंडळांचे दप्तर येथेच अडकते. जुने पदाधिकारी वारले किंवा गाव सोडून गेले, बदल नोंदवलाच नाही, आणि बँकेत पैसे असूनही सही करायला माणूस नाही. समाजाचे पैसे समाजाला काढता येत नाहीत, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कपाटात रोकड ठेवण्याची रीत किती धोक्याची आहे हे सर्वांनाच कळून चुकले. त्यानंतर मोबाईलवरून पैसे देण्याची सवय भाजीवाल्यापर्यंत पोहोचली. वर्गणीही आता मोबाईलवर येते. सोय चांगली आहे. परंतु दारात दाखवला जाणारा क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे, हे पाहावे. तो खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर त्याचा पगार, घरभाडे आणि समाजाची वर्गणी एकाच पाण्यात मिसळते. उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या बायकोला लोकांपुढे उत्तरे द्यावी लागतील. कोड मंडळाच्या खात्याचाच असावा आणि मोबाईलवर पैसे आले तरी क्रमांक घातलेली पावती द्यावी.

२०२० च्या टाळेबंदीत १४ एप्रिलची जयंती आपण घरोघरी साजरी केली. मिरवणूक नव्हती, मंडप नव्हता. कामे बंद होती आणि डबे रिकामे होते. त्या दिवसांत ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी धान्याची पाकिटे वाटली. ज्यांच्या वहीत शिल्लक होती त्यांना पहिल्याच आठवड्यात उभे राहता आले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना आधी देणगीदार शोधावे लागले. शिल्लक कशासाठी ठेवायची, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

आता चाळीही बदलत आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरे मोठी झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण चाळीतल्या मंडळाच्या खोलीतले टोप, सतरंज्या, कपाट, पुस्तके कोठे गेली, याची नोंद ठेवावी. वस्तूंची यादीही हिशेबाचाच भाग असते. आणि जुन्या वह्या तर मुळीच रद्दीत घालू नयेत. आण्यांत लिहिलेली ती नावे म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या दानाचा पुरावा आहे.

प्रत्येक मंडळाला सहज करता येतील अशा पाच गोष्टी आम्ही येथे सांगतो. रोजचा जमाखर्च त्याच दिवशी लिहावा. प्रत्येक खर्चाची पावती चिकटवून ठेवावी. बँकेतून पैसे दोघांच्या सहीनेच निघावेत. दर तीन महिन्यांनी जमा, खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे विहाराच्या फळ्यावर लिहावेत. आणि ३१ मार्चनंतर हिशेब तपासून घेऊन, जयंतीची पावती फाडण्याआधी तो सर्वांसमोर वाचून दाखवावा.

या पाचांतले पाचवे काम कुटुंबांच्याही हातात आहे. यंदा कार्यकर्ते दारात येतील तेव्हा त्यांना पाणी द्यावे, वर्गणीही द्यावी आणि आपलेपणाने विचारावे, 'दादा, हिशेबाची बैठक कधी आहे? आम्ही सगळे येतो.' आणि ज्या दिवशी ती बैठक असेल त्या दिवशी टीव्ही बंद करून, मुलांना बरोबर घेऊन जावे. आपल्या आईने दिलेला रुपया कोणत्या मुलाच्या वहीपेन्सिलीला लागला हे मुलांनी आपल्या कानांनी ऐकले, तर उद्या कमावते झाल्यावर त्यांच्या दारात वर्गणी मागायला कोणाला जावे लागणार नाही.